एक्स-रे काढणाऱ्या डॉक्टरांची माणसं

मोटारी जोडणारा कामगार संग्रहालयाची भिंत व्यापून उभा राहिला, तो डेट्रॉइटमध्ये. मेक्सिकोहून आलेल्या दिएगो रिव्हेरानं फोर्डच्या कारखान्यात हिंडून रेखाटनं केली आणि १९३२-३३ साली २७ भित्तिचित्रं रंगवली. पैसे खुद्द एड्सेल फोर्डनं मोजले. चित्रांना चुना फासा, अशी ओरड झाली, तरी गडी बधला नाही.

पुण्याजवळच्या, मोटारींच्या कारखान्यांच्या चाकणमध्ये तळेगाव चौकात शिफ्ट सुटते, तेव्हा ती भिंत आठवते. ‘गाव कुठलं?’ विचारलं, तर कुणी लातूर म्हणतो, कुणी यवतमाळ, कुणी थेट बिहार. असं पोटासाठी आलेल्या माणसांना आपल्याकडे कुणी रंगवलं?

रंगवलं, तेही पुण्यात जन्मलेल्या एका डॉक्टरांनी. सुधीर पटवर्धन १९७२ साली पुण्याच्या एएफएमसीतून डॉक्टर झाले आणि १९७५ ते २००५ अशी तीस वर्षं ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते. आणि गंमत पाहा: दवाखान्यात ज्या माणसाच्या आरपार बघायचं, तोच कॅनव्हासवर इतका भरीव, वजनदार उतरतो, की त्याच्या आरपार बघायची सोयच उरत नाही! लोकलमधला प्रवासी, इराण्याकडे बसलेला एकटा माणूस, पुलावरचा पादचारी. ‘लोअर परळ’ (२००१) हे चित्र तर सावकाश बघावं. एका जागी उभं राहून एवढं शहर डोळ्यांत मावणारच नाही. पटवर्धन अनेक ठिकाणांहून पाहिलेलं एकत्र सांधतात, रस्ते वाकवतात, आणि गिरणगाव सरून नवं शहर उगवताना त्यात चालणारी माणसं मात्र हरवू देत नाहीत. चित्रातल्या माणसाला त्यात स्वतःची ओळख पटावी, हा त्यांचा जुना ध्यास.

पण त्यानं ते बघायचं कुठे? मुंबईच्या गॅलरीचं दार उघडं असलं, तरी पाऊल अडखळतंच. बहुधा म्हणूनच मला पटवर्धनांचं दुसरं काम तितकंच मोठं वाटतं. २००८-०९ मध्ये त्यांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन भारतीय चित्रकारांचं प्रदर्शन रचलं आणि मुंबईबाहेर महाराष्ट्रातल्या शहराशहरांत फिरवलं. छापील प्रती नव्हेत, मूळ कलाकृती! स्वतःची चित्रं पुढे करायची सोडून दुसऱ्यांची चित्रं गावोगाव न्यायची, हे किती चित्रकार करतील?

चाकणला तर गॅलरीही लागणार नाही. कंपन्यांच्या कंपाउंडच्या भिंतीच केवढ्या लांब आहेत. एड्सेल फोर्ड तेवढा शोधावा लागेल.