गती, काळ व अंतर यांची शाब्दिक उदाहरणे

दीपनगरच्या औष्णिक विद्युत केंद्राकडे कोळसा वाहून नेणारी मालगाडी त्या परिसरातील मुलांच्या नित्य पाहण्यातील आहे. तथापि शिष्यवृत्ती अथवा नवोदय प्रवेश परीक्षेच्या सरावात आगगाडीचे उदाहरण आले, की तीच मुले अडखळतात. गुणाकार-भागाकारात ती सहसा चुकत नाहीत. उदाहरणात काय घडत आहे, याचे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहत नाही. सूत्र आधी व अनुभव नंतर, असा अध्यापनाचा उलटा क्रम पुष्कळदा याच्या मुळाशी असतो.

पुढील उदाहरण पाहावे. ६०० मीटर लांबीची मालगाडी ताशी ३६ किलोमीटर वेगाने ३०० मीटर लांबीचा फलाट किती वेळात ओलांडील? (गाडीची लांबी अवास्तव नाही, पन्नासाहून अधिक वाघिणींची कोळशाची गाडी साधारणपणे एवढी भरते.) ताशी ३६ किलोमीटर म्हणजे ३,६०० सेकंदांत ३६,००० मीटर, अर्थात सेकंदाला १० मीटर. येथवर सर्व ठीक चालते. पुढे पुष्कळ मुले ३०० ला १० ने भागून ३० सेकंद हे उत्तर देतात. ते खोडण्यापूर्वी शिक्षकांनी एवढेच विचारावे, की ३० सेकंद झाले तेव्हा इंजिन कोठे आहे आणि शेवटची वाघीण कोठे आहे? उत्तर न सुचल्यास मुलांना पटांगणात न्यावे. दहा-बारा मुलांनी एकमेकांच्या खांद्यांवर हात ठेवून रांग करावी व जमिनीवर आखलेल्या फलाटावरून चालत जावे. पहिला मुलगा बाहेर पडला तरी मागची रांग फलाटावरच आहे, हे बाजूस उभ्या असलेल्या मुलांना दिसते. गाडीने कापावयाचे अंतर ६०० अधिक ३०० म्हणजे ९०० मीटर व काळ ९० सेकंद, हे मग निराळे सांगावे लागत नाही. फलाटाऐवजी खांब असेल तर गाडीने स्वतःची लांबी तेवढी कापावयाची. काळ ६० सेकंद.

ताशी किलोमीटरला ५/१८ ने गुणण्याची युक्ती वेळ वाचविते, परंतु ती केवळ पाठ केलेली मुले ऐन वेळी १८/५ ने गुणतात. सेकंदाचे मीटर ताशी किलोमीटरच्या आकड्याहून लहानच आले पाहिजेत, हा ताळा अंगवळणी पाडावा.

सरासरी वेगाचे उदाहरण याहून फसवे. भुसावळ ते जळगाव लोहमार्गाने सुमारे २४ किलोमीटर. गाडी जाताना ताशी ६० व परतताना ताशी ४० किलोमीटर वेगाने धावली, तर सरासरी किती? हुशार मुलेही ५० म्हणतात. जाण्यास २४ मिनिटे लागली, परतण्यास ३६. एकूण ४८ किलोमीटर एका तासात, म्हणून सरासरी ४८. गाडी मंद वेगाने अधिक वेळ धावली, हे त्याचे कारण. अर्धा तास ६० व अर्धा तास ४० असा वेग असता, तर मात्र ५० हेच उत्तर बरोबर ठरले असते. ही दोन्ही उदाहरणे शेजारी शेजारी घालावीत.

बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेत ३० सेकंद व ५० किलोमीटर हे आकडे पर्यायांत बहुधा असतातच. आपले उत्तर तेथे छापलेले पाहून मूल निर्धास्त होते आणि तयारी असूनही गुण गमावते. म्हणून सरावाच्या पहिल्या आठवड्यात घड्याळ लावू नये. प्रत्येक उदाहरणाखाली एक आडवी रेघ ओढून तीवर स्थाने व वेळा लिहावयास लावाव्यात.