यासुहिको ओकुदेरा : कंपनीतला नोकरदार ते जर्मनीचा विजेता फुटबॉलपटू

२३ नोव्हेंबर २०२२ चा विश्वचषकातला सामना तुमच्यापैकी काहींनी टीव्हीवर पाहिला असेल. कतारमधलं मैदान. एका बाजूला चार वेळा जग जिंकलेला जर्मनी आणि दुसऱ्या बाजूला जपान. जर्मनीने आधी गोल केला, पण शेवटी २-१ ने जिंकला जपान! जपानचे दोन्ही गोल राखीव खेळाडूंनी केले. रित्सु दोआन आणि ताकुमा असानो ही त्यांची नावं. आणि गंमत बघा, हे दोघेही त्या वेळी जर्मनीतल्याच क्लबांकडून खेळत होते.

जपानी खेळाडूने जर्मनीत जाऊन खेळणं आज अगदी नेहमीचं झालं आहे. पण ही वाट कोणीतरी पहिल्यांदा तुडवली असेल ना? ती तुडवणाऱ्या माणसाचं नाव यासुहिको ओकुदेरा. आज आपण त्यांच्याच कारकिर्दीची ओळख करून घेणार आहोत. या वाटेसाठी त्यांना काय सोडावं लागलं, तेही पाहू.

तेव्हाचा जपानी फुटबॉल कसा होता?

आधी थोडी पार्श्वभूमी समजून घेऊ. जपानमध्ये तेव्हा फुटबॉल हा पोटापाण्याचा व्यवसाय नव्हता. १९६५ साली तिथे राष्ट्रीय लीग सुरू झाली, तेव्हा तिच्यात आठ संघ होते आणि त्यातले बहुतेक कंपन्यांचे होते. फुरुकावा इलेक्ट्रिक, मित्सुबिशी, हिताची, यानमार अशी ती नावं. खेळाडू त्या कंपनीत नोकरीला असायचा. पगार नोकरीचा आणि खेळ त्यासोबत. आपल्याकडे रेल्वे, पोलीस, बँका यांचे कबड्डी आणि क्रिकेटचे संघ असतात ना, साधारण तसंच समजा.

या लीगमागे एका जर्मन माणसाचा आग्रह होता. त्यांचं नाव देत्मार क्रामर. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकसाठी जपानने त्यांना प्रशिक्षक म्हणून बोलावलं होतं. वर्षभर नियमित सामने झाल्याशिवाय खेळ सुधारणार नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याचं फळही लवकर मिळालं. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये जपानने यजमान मेक्सिकोला हरवून कांस्यपदक मिळवलं. कुनिशिगे कामामोतो यांनी त्या स्पर्धेत सर्वाधिक ७ गोल केले.

पण पुढे मात्र घसरण झाली. १९७२ आणि १९७६ च्या ऑलिंपिकला जपान पात्रसुद्धा ठरला नाही. विश्वचषक तर खूपच लांबची गोष्ट होती.

नोकरी सोडायची की नाही?

ओकुदेरा यांचा जन्म १२ मार्च १९५२ चा, उत्तर जपानमधल्या अकिता प्रांतातला. शाळा संपल्यावर १९७० मध्ये ते फुरुकावा इलेक्ट्रिकमध्ये दाखल झाले. डावीकडून वेगाने पळणारा आणि डाव्या पायाने जोरदार फटका मारणारा खेळाडू म्हणून त्यांचं नाव झालं. १९७६ मध्ये फुरुकावाने लीग जिंकली, त्या संघात ते होते.

१९७७ च्या उन्हाळ्यात जपानचे खेळाडू सरावासाठी जर्मनीत गेले. तिथे कोलोन या मोठ्या क्लबचे प्रशिक्षक हेनेस वाइसवायलर यांनी ओकुदेरांना पाहिलं. त्यांच्या संघाला डाव्या बाजूला खेळणारा माणूस हवाच होता. त्यांनी सरळ विचारलं, आमच्याकडे खेळणार का?

तुम्हाला वाटेल, ओकुदेरांनी लगेच उडी मारली असेल. तसं झालं नाही. सुरुवातीला ते तयारच नव्हते. आणि विचार करा, का तयार व्हावं? वय २५. हातात पक्की नोकरी. जपानमध्ये त्या काळी एका कंपनीत लागलं की निवृत्तीपर्यंत तिथेच, अशी पद्धत होती. जर्मन भाषा येत नाही. एक जपानी माणूस जर्मनीच्या पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये, म्हणजे बुंडेसलिगामध्ये टिकेल, याचा एकही दाखला नाही. शिवाय एका जर्मन संघाला मैदानावर दोनच परदेशी खेळाडू उतरवता येत. म्हणजे त्या दोन जागांसाठी युरोपातल्या तयार खेळाडूंशी स्पर्धा!

अखेर ऑक्टोबर १९७७ मध्ये ते कोलोनला रुजू झाले. बुंडेसलिगात खेळणारे ते पहिले जपानी.

पहिल्याच वर्षी विजेतेपद, तेही गोलफरकाने

आता जरा वही-पेन घ्या, कारण पुढची गोष्ट गणिताची आहे.

२९ एप्रिल १९७८. लीगचा शेवटचा दिवस. कोलोन आणि बोरुसिया मोन्शेनग्लाडबाख या दोन संघांचे गुण सारखे होते. मग निकाल लागणार गोलफरकावर, म्हणजे केलेले गोल वजा खाल्लेले गोल. कोलोनचा फरक +४० आणि ग्लाडबाखचा +३०. दहा गोलांची आघाडी म्हणजे कोलोन निर्धास्त, नाही का?

पण त्या दिवशी ग्लाडबाखने डॉर्टमुंडला १२-० असं धुतलं! त्यांचा फरक झाला +४२. आता कोलोनने आपला सामना नुसता १-० ने जिंकला असता, तर फरक ४१ झाला असता आणि विजेतेपद गेलं असतं. २-० झाला असता, तर फरक सारखा, पण एकूण केलेले गोल ग्लाडबाखचे जास्त. म्हणजे तरीही गेलंच असतं. कमीत कमी तीन गोलांच्या फरकाने जिंकणं गरजेचं होतं.

कोलोनने सेंट पाउलीला ५-० ने हरवलं. फरक +४५. आणि त्या पाचांपैकी दोन गोल होते ओकुदेरांचे! काही महिन्यांपूर्वी नोकरी सोडावी की नाही अशा विचारात असलेला माणूस आता जर्मनीचा विजेता होता. त्याच मोसमात कोलोनने जर्मन कपसुद्धा जिंकला.

पुढच्या वर्षी कोलोन युरोपियन कपच्या उपांत्य फेरीत पोहोचला. एप्रिल १९७९ मध्ये इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध सामना होता. फॉरेस्ट ३-२ ने पुढे असताना ओकुदेरा राखीव खेळाडू म्हणून उतरले आणि त्यांनी बरोबरीचा गोल केला. सामना ३-३. घरच्या मैदानावर मात्र कोलोन ०-१ ने हरला आणि पुढे फॉरेस्टने तो कप जिंकला.

उतार आणि नवी जागा

मित्रांनो, गोष्ट इथेच संपली असती, तर ती फक्त नशीबवान माणसाची गोष्ट ठरली असती. खरी परीक्षा पुढे होती.

१९८० मध्ये वाइसवायलर कोलोन सोडून अमेरिकेत न्यूयॉर्क कॉसमॉसला गेले. नव्या प्रशिक्षकांच्या संघात ओकुदेरांना जागा उरली नाही. तेव्हा त्यांनी काय केलं? ते एक पायरी खाली उतरले. दुसऱ्या दर्जाच्या लीगमधल्या हेर्टा बर्लिन क्लबकडून ते खेळू लागले. बऱ्याच जणांना हा कमीपणा वाटला असता.

त्याच दुसऱ्या लीगमध्ये वेर्डर ब्रेमेन हा संघ खेळत होता आणि त्याचे प्रशिक्षक होते ओटो रेहागेल. आठवतं, ०-१२ ने हरलेला डॉर्टमुंडचा संघ? त्या दिवशी त्या संघाचे प्रशिक्षक हेच होते आणि त्या पराभवानंतर त्यांची तिथली नोकरी गेली होती. १९८१ मध्ये ब्रेमेन पहिल्या दर्जात परतला आणि रेहागेल यांनी ओकुदेरांना आपल्या संघात घेतलं.

ब्रेमेनमध्ये ओकुदेरांचं कामच बदललं. कोलोनला ते पुढे खेळून गोल करायचे. इथे त्यांना डाव्या बाजूला मागे बचावाला ठेवलं गेलं; मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळायचं आणि जिथे गरज पडेल तिथे उभं राहायचं. आकडेच बघा ना. कोलोनसाठी बुंडेसलिगात ७५ सामने आणि १५ गोल. ब्रेमेनसाठी १५९ सामने आणि ११ गोल. गोल कमी झाले, पण सामने दुपटीहून जास्त. वर्तमानपत्रात नाव गोल करणाऱ्याचं छापून येतं, पण प्रशिक्षक संघाची यादी लिहितो तेव्हा भरवशाच्या माणसाचं नाव आधी येतं. ओकुदेरा जर्मनीत नऊ वर्षं टिकले ते या भरवशावर.

ब्रेमेन त्या पाच वर्षांत तीन वेळा दुसरा आला. १९८३ मध्ये आणि १९८६ मध्ये तर अव्वल संघाइतकेच गुण मिळवूनसुद्धा केवळ गोलफरकाने विजेतेपद हुकलं. ज्या गणिताने १९७८ मध्ये दिलं होतं, त्याच गणिताने दोनदा काढून घेतलं!

काय सोडावं लागलं?

या नऊ वर्षांची किंमत मोठी होती. ऐन उमेदीच्या वर्षांत ओकुदेरा जपानच्या राष्ट्रीय संघापासून दूर राहिले. ऑलिंपिकला तेव्हा हौशी खेळाडूंचीच अट असायची आणि ते तर व्यावसायिक झाले होते. म्हणजे देशातला सर्वात अनुभवी फुटबॉलपटू परदेशात आणि देशाचा संघ त्याच्याविना. बुंडेसलिगात २३४ सामने खेळलेल्या या माणसाच्या नावावर जपानकडून जेमतेम ३२ सामने आहेत. विश्वचषक तर ते कधीच खेळले नाहीत.

मग प्रश्न पडतो, देशाला त्यांचा उपयोग काय झाला?

परतल्यावर

१९८६ मध्ये ओकुदेरा आपल्या जुन्या फुरुकावा संघात परत आले. पण आता अडचण अशी की व्यावसायिक खेळाडूला जपानच्या नियमांत जागाच नव्हती. तेव्हा जपानी फुटबॉल संघटनेने नियम बदलला. ओकुदेरा आणि निस्सान संघाचे काझुशी किमुरा या दोघांना खास परवाना देऊन उघडपणे व्यावसायिक खेळाडू म्हणून मान्यता मिळाली. खेळावरच पोट भरणारा माणूस जपानमध्ये असू शकतो, हे कागदावर पहिल्यांदा मान्य झालं. त्याच मोसमात फुरुकावाने आशियाई क्लब स्पर्धा जिंकली. हा मान मिळवणारा तो पहिला जपानी क्लब. ओकुदेरा १९८८ मध्ये निवृत्त झाले.

दोन खेळाडूंपासून उघडलेलं दार मग मोठं होत गेलं. १९९३ मध्ये दहा क्लबांची व्यावसायिक जे-लीग सुरू झाली. फुरुकावाचा संघ तिथे जेफ युनायटेड या नावाने उतरला आणि १९९६ मध्ये ओकुदेरा त्याचे प्रशिक्षक झाले. १९९८ मध्ये जपान पहिल्यांदा विश्वचषक खेळला. पुढे योकोहामात चाहत्यांनी पुढाकार घेऊन योकोहामा एफसी हा क्लब उभा केला, त्याच्या कारभाराची धुराही ओकुदेरांनी सांभाळली. २०१४ मध्ये आशियाई फुटबॉल महासंघाने गौरवलेल्या पहिल्या खेळाडूंच्या यादीत त्यांचं नाव होतं. त्याच यादीत आपला बायचुंग भुतियासुद्धा आहे.

आणि त्यांचा २३४ सामन्यांचा विक्रम? जपानी खेळाडूंमध्ये तो तब्बल तीस वर्षं टिकला. २०१७ मध्ये माकोतो हासेबे यांनी तो मोडला, तेव्हा जर्मनीत जपानी खेळाडू दिसण्याचं कोणालाच नवल राहिलं नव्हतं.

म्हणून मघाच्या प्रश्नाचं उत्तर असं देता येईल. ओकुदेरांनी देशासाठी सामने कमी खेळले, पण त्यांच्यामुळे पुढच्या मुलांना विचारता येऊ लागलं, ‘ते टिकले, तर मी का नाही?’ १९७७ मध्ये ओकुदेरांना असं विचारायला समोर कोणीच नव्हतं.

विचार करा आणि वहीत लिहा

१. २९ एप्रिल १९७८ रोजी ओकुदेरांचे दोन गोल झाले नसते, तर कोलोनचा गोलफरक किती झाला असता? विजेता कोण ठरला असता?

२. पक्की नोकरी आणि अनोळखी संधी यांतून एक निवडायची असेल, तर तुम्ही कोणकोणत्या गोष्टींचा विचार कराल?

३. तुमच्या गावात किंवा शाळेत एखादी गोष्ट पहिल्यांदा करणारी व्यक्ती कोण? तिला काय सोडावं लागलं, ते तिला विचारून या.