‘नॅनो’ इन्सुलिन आणि ‘स्मार्ट’ इन्सुलिन
नॅनोकणांवरून (मीटरच्या काही अब्जांश भागांइतक्या सूक्ष्म कणांवरून) दिलेले इन्सुलिन ‘स्मार्ट’च असते, असा समज सर्रास आढळतो, वस्तुतः कणाचा आकार आणि त्याची प्रतिसादक्षमता या भिन्न बाबी आहेत. देविका भूमकर, वर्षा पोखरकर, मुरली शास्त्री आदी संशोधकांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पुण्यातील प्रयोगांत सोन्याच्या नॅनोकणांवर चढवलेले इन्सुलिन मधुमेही उंदरांना तोंडावाटे व नाकावाटे दिले असता रक्तशर्करा उतरली. सुईला पर्याय शोधणारे हे काम मोलाचे आहे, परंतु त्यातील कण वाहक होते, शर्करा ओळखणारे नव्हते.

‘स्मार्ट’, म्हणजे शर्करेला प्रतिसाद देणाऱ्या, जेलमध्ये मात्र फिनाइलबोरोनिक आम्लासारखा (ग्लुकोजशी उलटसुलट जुळणारा) घटक गुंफलेला असतो; शर्करा वाढली की तो तिच्याशी जुळतो, जेल फुगते आणि इन्सुलिन बाहेर झिरपते, तर शर्करा उतरली की हा प्रवाह मंदावतो. इस्त्री ठरावीक तापमानाला आपोआप बंद होते व निवली की पुन्हा सुरू होते, तसेच हे रासायनिक नियंत्रण आहे. त्यात संगणकीय चिप नसते. ब्राउनली व सेरामी या संशोधकांनी १९७९ साली मांडलेली शर्करेनुसार इन्सुलिन सोडण्याची कल्पना अद्याप नित्य उपचारांत आलेली नाही, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याविना चालू इन्सुलिन कोणीही थांबवू नये.