पुनर्मिलनाचे तिकीट : रॉक बँड, चाहते आणि दरांची तीन दशके (१९९४–२०२५)

फुटलेला रॉक बँड पुन्हा एकत्र येणार अशी घोषणा झाली की दोन गोष्टी हमखास घडतात. वर्षानुवर्षे वाट पाहणारे लाखो चाहते एकाच सकाळी तिकिटांसाठी धाव घेतात, आणि सूर्य मावळायच्या आत तिकिटांच्या दरांवरून वादंग माजते. अशा मैफलींना पुनर्मिलन मैफली म्हणता येईल. १९९४ ते २०२५ या काळातील अशा मैफलींचा मागोवा घेतला, तर चाहत्यांचा उत्साह जवळपास तोच राहिल्याचे आणि बदलत गेला तो त्या उत्साहाचा पैसा कोणाच्या पदरात पडावा याविषयीचा निर्णय, असे दिसते. दर मागणीमुळे आपोआप चढतात, हे स्पष्टीकरण प्रत्येक वादात पुढे केले जाते. मात्र या तीन दशकांतील उदाहरणे त्याला पुरेसा आधार देत नाहीत.

या कालखंडाची सुरुवात १९९४ पासून मानणे सयुक्तिक ठरते, कारण त्या एका वर्षात दरांविषयीच्या दोन परस्परविरोधी भूमिका अमेरिकेत एकाच वेळी उभ्या राहिल्या. द ईगल्स हा कॅलिफोर्नियातील बँड १९८० मध्ये विखुरला होता आणि पुन्हा एकत्र कधी वाजवणार असे विचारले की त्यातील डॉन हेन्ली नरक गोठेल तेव्हा, असे उत्तर देत असे. चौदा वर्षांनी बँड एकत्र आला तेव्हा दौऱ्याला याच उत्तरावरून नाव देण्यात आले आणि चांगल्या जागांच्या तिकिटांचे दर १०० डॉलरच्या पुढे नेण्यात आले. रॉक मैफलीसाठी हा दर तोवर कोणी लावू धजले नव्हते. टीका पुष्कळ झाली, तरी तिकिटे खपली, आणि चाहते इतके पैसे देतात हा धडा साऱ्या व्यवसायाने गिरवला. त्याच उन्हाळ्यात सिएटलच्या पर्ल जॅम या बँडने आपले तिकीट सर्व आकार धरून २० डॉलरच्या आत राहावे असा आग्रह धरला, तिकीटमास्टर या तिकीटविक्री कंपनीच्या सेवाशुल्काविरुद्ध अमेरिकेच्या न्याय विभागाकडे तक्रार केली आणि ३० जून १९९४ रोजी बँडमधील स्टोन गॉसर्ड व जेफ अॅमेंट यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. न्याय विभागाने १९९५ च्या जुलैत कोणतीही कारवाई न करता चौकशी मिटवली. पुढच्या तीस वर्षांत मोठ्या बँडांपैकी बहुतेकांनी ईगल्सचा मार्ग धरला.

नकारामुळे पुनर्मिलनाचे मोल वाढते, ही गोष्टही ईगल्सच्या उदाहरणातून पुढे आली. नियमितपणे दौरे करणाऱ्या बँडची मैफल चुकली तर चाहता पुढच्या वर्षावर भिस्त ठेवू शकतो. भांडून वेगळे झालेल्यांच्या बाबतीत पुढचे वर्ष उजाडेल याची शाश्वती नसते. गन्स अँड रोझेसच्या अॅक्सल रोझ यांनी गिटारवादक स्लॅशसोबतच्या पुनर्मिलनाची शक्यता या जन्मात नाही अशा शब्दांत फेटाळली होती, आणि २०१६ मध्ये दोघे एकत्र आले तेव्हा दौऱ्याचे नाव तेच ठेवले गेले. (हा बँड १७ मे २०२५ रोजी मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजला, तेव्हा २०१२ च्या भारतभेटीत नसलेला स्लॅश सोबत होता, आणि मराठी चाहत्यांपैकी अनेकांच्या लेखी खरी मैफल हीच.) सेक्स पिस्टल्स या पंक बँडने १९९६ मध्ये आपल्या पुनर्मिलनाच्या दौऱ्याला सरळ पैशाचेच नाव दिले होते, आणि त्या प्रांजळपणाचा मान राखायला हवा.

१९९६ मधील आणखी एक दर या इतिहासात पायाभूत ठरतो. मँचेस्टरच्या ओएसिस या बँडने १० व ११ ऑगस्टला इंग्लंडमधील नेबवर्थ येथे दोन मैफली केल्या, प्रत्येक दिवशी सुमारे सव्वा लाख लोक जमले, तिकिटांसाठी पंचवीस लाखांहून अधिक लोकांनी प्रयत्न केल्याचे सांगितले गेले, आणि तिकीट होते साडेबावीस पौंडांचे. मागणी पुरवठ्याच्या दसपट असतानाही दर जागचा हलला नाही, याचे कारण तो हलवायचा नाही असे ठरले होते. महागाईचा हिशेब केला तरी आजच्या पैशांत ही रक्कम पन्नास पौंडांच्या आसपास भरते.

यानंतर व्यवसायाचे गणित बदलले. १९९९ मध्ये नॅपस्टरसारख्या साधनांनी गाण्यांची फुकट देवाणघेवाण सुरू झाली, ध्वनिमुद्रिकांचे उत्पन्न आटू लागले, आणि पूर्वी ध्वनिमुद्रिका खपवण्यासाठी केला जाणारा दौरा हाच कलावंताच्या कमाईचा मुख्य मार्ग बनला. अर्थशास्त्रज्ञ अॅलन क्रूगर यांनी दाखवून दिले, की १९९६ ते २००३ या काळात अमेरिकेतील मैफलींचे सरासरी दर ८२ टक्क्यांनी वाढले, तर सर्वसाधारण महागाई केवळ १७ टक्क्यांनी.

येथे काही संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. आयोजकाने जाहीर केलेल्या आणि तिकिटावर छापलेल्या रकमेला छापील किंमत म्हणतात. ते तिकीट घेणाऱ्याने दुसऱ्याला विकणे ही फेरविक्री. आणि नफ्यासाठी तिकिटे आधीच उचलून चढ्या भावाने विकणाऱ्यांचा व्यवहार म्हणजे आपल्याकडे सिनेमागृहांच्या दारात पिढ्यान्पिढ्या चाललेला काळाबाजार. ब्रिटनमध्ये फुटबॉल सामन्यांच्या तिकिटांची अनधिकृत विक्री १९९४ च्या कायद्याने गुन्हा ठरली, मात्र मैफली त्या कायद्याबाहेर राहिल्या. छापील किंमत बाजारभावापेक्षा कमी ठेवली तर मधला फरक दलालाच्या खिशात जातो, तेव्हा तो कलावंतानेच का घेऊ नये, असा युक्तिवाद अर्थशास्त्री मंडळी करतात. युक्तिवाद सुसंगत आहे, परंतु दलालाला अडवण्याचा दुसरा मार्गच नाही असे तो गृहीत धरतो, आणि हे गृहीतक २००७ मध्ये लंडनमध्ये खोटे ठरले.

त्याआधी २००५ मध्ये दलालांना अडवण्याची एक अपुरी तालीम झाली होती. २ जुलैला लंडनच्या हाइड पार्कमधील लाइव्ह ८ या धर्मादाय मैफलीत पिंक फ्लॉइड या बँडचे चार सदस्य, रॉजर वॉटर्स यांच्यासह, २४ वर्षांनी एकत्र वाजले. तिकिटे मोबाइल संदेशांच्या सोडतीतून वाटली होती. तरीही ती ईबे या संकेतस्थळावर विक्रीला आली आणि आयोजक बॉब गेल्डॉफ यांनी जाहीर संताप व्यक्त केल्यावर कंपनीला ती विक्री थांबवावी लागली. लेड झेपलिनच्या आयोजकांनी पुढची काळजी घेतली. ड्रमवादक जॉन बॉनम यांच्या मृत्यूनंतर १९८० मध्ये थांबलेला हा बँड १० डिसेंबर २००७ रोजी, बॉनम यांचा मुलगा जेसन याला ड्रमवर बसवून, ओटू अरेना या सभागृहात एकाच रात्रीसाठी वाजणार होता. सुमारे वीस हजार जागांसाठी दोन कोटी मागण्या आल्याचे नोंदले गेले. दर १२५ पौंड, सर्वांना सारखा, निवड सोडतीने, एका माणसाला जास्तीत जास्त दोन तिकिटे, आणि सोडतीत नाव निघालेल्याने स्वतःचे ओळखपत्र व पैसे भरलेले कार्ड दाखवून तिकीट ताब्यात घ्यायचे आणि मनगटावर पट्टी बांधून घ्यायची. जगातील बहुधा सर्वांत मोठ्या मागणीपुढेही दर स्थिर राहिला आणि दलालांची वाट बऱ्याच अंशी बंद झाली. एकच मैफल असल्याने इतका खटाटोप परवडला, हे मान्य करावे लागेल.

त्याच वर्षी द पोलीस या बँडने नेमका उलटा मार्ग घेतला. मार्च १९८० मध्ये मुंबईच्या रंगभवनात वाजून गेलेला हा तिघांचा बँड २८ मे २००७ रोजी व्हँकुव्हर येथून निघाला, पुढील वर्षाच्या ऑगस्टपर्यंत जगभर फिरला, उत्तम जागांसाठी दोनशे डॉलरहून अधिक दर लावला आणि ३५ कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवून पुन्हा पांगला.

या साऱ्या काळातील सर्वांत उमदा प्रसंग मात्र एका छोट्या सभागृहात घडला. मँचेस्टरच्या द स्टोन रोझेसने ऑक्टोबर २०११ मध्ये पुनर्मिलनाची घोषणा केली; हीटन पार्कमधील तीन मैफलींची २,२०,००० तिकिटे, प्रत्येकी ५५ पौंड दराने, ६८ मिनिटांत संपली. मैफलींना महिनाभर उरला असताना, २३ मे २०१२ रोजी दुपारी, बँडने त्याच संध्याकाळी वॉरिंग्टन गावातील पार हॉलमध्ये विनामूल्य मैफल जाहीर केली, आणि प्रवेशासाठी अट एवढीच ठेवली, की येणाऱ्याने बँडची सीडी, ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन किंवा जुना टीशर्ट सोबत आणावा. लोक हातातले काम टाकून, घरातील कपाटे उपसून, विटलेले टीशर्ट घेऊन धावले आणि हजारभर जणांना मनगटपट्टी मिळाली. निष्ठा मोजण्याचे पैशाखेरीज दुसरे माप असू शकते, हे यापेक्षा साधेपणाने कोणी दाखवल्याचे आढळत नाही.

दरम्यान २०१० मध्ये मैफली आयोजित करणारी लाइव्ह नेशन आणि तिकिटे विकणारी तिकीटमास्टर या दोन कंपन्या एक झाल्या, आणि मागणीनुसार बदलत्या दराची पद्धत रुळू लागली. भारतीय वाचकाला ती परकी नाही. २०१६ पासून राजधानी गाड्यांमध्ये दर दहा टक्के जागा भरल्या की भाडे दहा टक्क्यांनी चढते. फरक हा, की रेल्वेचे टप्पे आणि कमाल मर्यादा प्रवाशाला आधी ठाऊक असतात. सर्वच कलावंतांनी ही पद्धत स्वीकारली असेही नाही; द क्यूअर या बँडच्या रॉबर्ट स्मिथ यांनी २०२३ मध्ये ती नाकारली, दर कमी ठेवले, आणि सेवाशुल्क अवाजवी असल्याची जाहीर तक्रार करून तिकीटमास्टरला प्रत्येक तिकिटामागे पाच ते दहा डॉलर परत करायला लावले.

या पार्श्वभूमीवर ओएसिसचे पुनर्मिलन पाहावे लागते. नोएल आणि लियाम गॅलॅगर या भावांतील भांडण विकोपाला जाऊन २८ ऑगस्ट २००९ रोजी पॅरिसमध्ये मैफलीच्या ऐन तोंडावर बँड फुटला होता. २७ ऑगस्ट २०२४ रोजी घोषणा झाली तेव्हा नेबवर्थला गेलेली पिढी चाळिशी-पन्नाशीत होती, हाती पैसा बाळगून होती, आणि तिची मुलेही तीच गाणी गात होती. आगाऊ विक्रीसाठी नाव नोंदवताना बँडचा मूळ ड्रमवादक कोण, असा प्रश्न विचारला गेला, म्हणजे खऱ्या चाहत्यांनाच पुढे घेण्याची इच्छा निदान कागदावर तरी होती.

३१ ऑगस्टच्या सकाळी खुल्या विक्रीत जे घडले त्याने ही इच्छा झाकोळली. लाखो लोक संगणकासमोर बसले. पडद्यावर आपल्यापुढे किती माणसे आहेत याचा आकडा दिसे, आणि तो अनेकांच्या बाबतीत लाखाच्या घरात होता. काहींना यंत्र समजून रांगेबाहेर काढले गेले. कित्येक तासांनी नंबर लागला तेव्हा उभ्याने पाहण्याचे, सकाळी सुमारे दीडशे पौंडांना असलेले तिकीट साडेतीनशेहून अधिक पौंडांना झालेले होते, आणि घ्यायचे की नाही हे ठरवायला हाती मोजकी मिनिटे होती. डब्लिनमध्ये तेच तिकीट ४०० युरोंच्या पुढे गेले, आणि तेही अशा देशात, जिथे छापील किमतीहून अधिक दराने फेरविक्री करण्यास २०२१ च्या कायद्याने बंदी आहे. दलालाला जे करता येत नव्हते ते अधिकृत विक्रेत्याने कायद्याच्या चौकटीत राहून केले. पंधरा वर्षे वाट पाहून, पाच-सहा तास रांगेत घालवून आलेला माणूस त्या क्षणी ग्राहक म्हणून मोकळा नसतो. नाही म्हणण्याची त्याची ताकद रांगेतच संपलेली असते, आणि दर नेमका तिथेच वाढवणे हे अन्यायाचे आहे.

दर व विक्रीविषयीचे निर्णय आयोजक आणि व्यवस्थापक घेतात, असा खुलासा बँडने केला. महिनाभरात उत्तर अमेरिकेतील मैफली जाहीर झाल्या तेव्हा तेथे मागणीनुसार बदलत्या दराची पद्धत वापरली जाणार नाही असे सांगण्यात आले, आणि लंडनच्या वेम्ब्लीतील दोन वाढीव मैफलींची तिकिटे पहिल्या दिवशी हात हलवत परतलेल्यांना सोडतीने दिली गेली. जे सप्टेंबरमध्ये ठरवता आले ते ऑगस्टमध्येही ठरवता आले असते. त्यामुळे बँडचा खुलासा मान्य करणे कठीण जाते.

ब्रिटनच्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने, म्हणजे ग्राहकहिताची राखण करणाऱ्या सरकारी संस्थेने, सप्टेंबर २०२४ मध्ये चौकशी आरंभली आणि मार्च २०२५ मध्ये आपले मत मांडले. त्या सकाळी दर क्षणोक्षणी यंत्राने चढवले गेल्याचा पुरावा मिळाला नाही. उभ्याच्या तिकिटांचे दोन दर मुळातच ठरलेले होते, आधी स्वस्त दराची तिकिटे विकून मग महागडी काढण्यात आली, आणि रांगेतील लोकांना हे कळवले नाही. शिवाय काही आसनांना ‘प्लॅटिनम’ असे नाव देऊन, वेगळी कोणतीही सोय नसताना, ती जवळपास अडीचपट दराने विकली गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये तिकीटमास्टरने दरांचे टप्पे असतील तर चोवीस तास आधी कळवण्याची हमी दिली.

महाराष्ट्रातही सप्टेंबर २०२४ मध्येच असाच अनुभव आला होता. कोल्डप्ले हा बँड कधी फुटलेला नसल्याने त्याची मैफल पुनर्मिलनाची नव्हे. तथापि २२ सप्टेंबर २०२४ रोजी नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियमच्या मैफलींची अडीच हजार ते पस्तीस हजार रुपयांची तिकिटे विक्रीला आली, काही वेळातच संपली, आणि फेरविक्रीच्या संकेतस्थळांवर लाखांच्या भावात दिसू लागली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने बुकमायशो या तिकीटविक्री कंपनीच्या अधिकाऱ्यांना बोलावले. पुढे या काळ्याबाजाराविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने, हा विषय कायदे करणाऱ्यांचा आहे असे सांगून, जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली.

ओएसिसचा दौरा ४ जुलै २०२५ रोजी कार्डिफमध्ये सुरू झाला आणि २३ नोव्हेंबरला ब्राझीलमधील साओ पावलो येथे संपला. त्याच्या चारच दिवस आधी ब्रिटिश सरकारने छापील किमतीहून अधिक दराने तिकिटांची फेरविक्री बेकायदा ठरवण्याचा मनोदय जाहीर केला. हा कायदा दलालांना लागू होईल. छापील किंमत किती असावी आणि रांगेतील माणसाला ती केव्हा सांगावी, याचा निर्णय मात्र पूर्वीप्रमाणेच बँड, आयोजक आणि विक्रेते यांच्या हाती राहणार आहे.