दगडावर चढणारी गाडी

रेडिओच्या इशाऱ्यावर खडक चढणारी, खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराची छोटी गाडी तुम्ही पाहिली असेल. ती अडली, की पहिला विचार येतो तो जास्त ताकदीच्या मोटरचा. माझ्या मते तो पैसा बहुधा फुकट जातो.

ताकद दगडावर लागायची, तर चाक दगडाला टेकलेले हवे. म्हणून स्प्रिंगा मऊ ठेवाव्या. इतक्या, की गाडी नुसती उभी असतानाही त्या थोड्या दबलेल्या राहतील. मग खळगा आला, की चाक आपोआप त्यात उतरते. मात्र गाडी उंच करण्याचा मोह नको. वजन वर गेले, की चढावर ती मागे उलथलीच म्हणून समजा!

आता शाफ्ट. चाके वरखाली होतात, तसे गिअरपेटीपासून अ‍ॅक्सलपर्यंतचे अंतर बदलते. म्हणून शाफ्ट एकात एक सरकणाऱ्या दोन भागांचा असतो. गाडी उचलून चाके लोंबू द्या: तो निसटता कामा नये. मग गाडी खाली दाबा: तो अडता कामा नये.

खरी मेख आहे ती सांध्यात. युनिव्हर्सल जॉइंट तिरपा झाला, की एका टोकाची सारखी गती दुसऱ्या टोकाला सारखी राहत नाही. ३० अंशांच्या कोनात ती एका फेऱ्यात दोनदा सुमारे १३ टक्क्यांनी घटते आणि दोनदा १५ टक्क्यांनी वाढते. गाडी गचके देते, ती पुष्कळदा यामुळे. उपाय बिनखर्ची आहे. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एकाच पातळीत बसवा आणि दोन्ही सांध्यांचे कोन सारखे ठेवा; पहिला सांधा जे बिघडवतो, ते दुसरा निस्तरतो. एखाद्या ट्रकच्या पोटाखाली वाकून पाहा, हीच मांडणी दिसेल.