बार्शीच्या नोंदी आणि जगाचे धोरण

एप्रिल २००९मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीवर एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात अभ्यासलेल्या १,३१,७४६ स्त्रिया तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या होत्या. पहिले लेखक डॉ. आर. शंकरनारायणन. तिरुवनंतपुरमच्या रीजनल कॅन्सर सेंटरमध्ये काम करून ते पुढे फ्रान्समधल्या लियों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेत गेले. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय या कामात त्यांच्यासोबत होते.

गर्भाशयमुखाचा कर्करोग एचपीव्ही विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो आणि त्याला बहुधा पंधरा-वीस वर्षे लागतात. म्हणजे तो वेळीच रोखायला भरपूर अवधी मिळतो. पण ज्या बाईची आयुष्यात जेमतेम एकदाच तपासणी होणार, तिच्यासाठी कोणती पद्धत निवडावी? हे ठरवण्यासाठी ३० ते ५९ वयाच्या स्त्रियांचे गावसमूहांनुसार चार गट पाडले. एका गटाची एचपीव्ही तपासणी झाली, दुसऱ्याची पॅप, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी. तिसऱ्या गटात गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावून पांढरा डाग उमटतो का ते पाहिले. चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा मिळाली.

आठ वर्षांनी हिशेब झाला. चौथ्या गटात या कर्करोगाने ६४ मृत्यू झाले होते. जवळपास तेवढ्याच स्त्रिया असलेल्या एचपीव्ही गटात ३४. उरलेल्या दोन्ही पद्धतींनी मृत्यूंत ठोस घट दिसली नाही. एका तपासणीने मृत्यू निम्म्यावर येतात, हे प्रत्यक्ष मृत्यू मोजून दाखवणारा हा पुरावा होता. जागतिक आरोग्य संघटना आज एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती देते, त्यामागच्या भक्कम आधारांपैकी हा एक.

हे मृत्यू मोजता आले, ते आधीच्या एका कामामुळे. बार्शीत १९८७ साली देशातले पहिले ग्रामीण कर्करोग नोंदणी केंद्र सुरू झाले. शहरात रुग्णालयांच्या कागदांवरून नोंदणी चालते. खेड्यातला रुग्ण मात्र बहुतेकदा रुग्णालयापर्यंत पोचतच नाही. म्हणून इथले कर्मचारी बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांत जात, लोकांना लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्णांना बार्शीला आणत. गावोगावी जाऊन माणसांचा माग ठेवायची सवय आणि गावकऱ्यांचा विश्वास या कामातून तयार झाला. पुढचा मोठा प्रयोग त्यावर उभा राहिला.

प्रयोगावर आक्षेपही आले, आणि ते गैर नव्हते. तपासणीचा उपयोग होतो हे जगाला माहीत असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना का ठेवले? त्या भागात तपासणीची सोयच नव्हती आणि नेहमीच्या सेवेशीच तुलना करायची होती, असे संशोधकांचे म्हणणे. हा वाद पुरता मिटलेला नाही. दुसरीकडे, या प्रयोगात मागे पडलेली आम्ल लावून करायची तपासणीही टाकाऊ ठरली नाही. मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या अभ्यासात ती दर दोन वर्षांनी केली गेली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

शंकरनारायणन यांचे पुढचे काम एचपीव्ही लशीचे. २००९मध्ये भारतात बार्शीसह अनेक केंद्रांवर मुलींना दोन किंवा तीन मात्रा देऊन तुलना सुरू झाली. २०१०मध्ये एका वेगळ्या लसीकरण प्रकल्पावरून वादळ उठले आणि सरकारने असे सगळे अभ्यास थांबवले. तोवर ४,९५० मुलींना एकच मात्रा मिळाली होती. संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही. दहा वर्षांच्या नोंदींत एकाच मात्रेने टिकाऊ संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण दिसले, म्हणजे जवळजवळ दोन-तीन मात्रांइतकेच. २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक मात्राही चालेल असे मान्य केले, त्यामागच्या पुराव्यांत हा अभ्यास होता.

शोधनिबंधाचे वजन इतरांनी केलेल्या उल्लेखांवरून मोजायची रीत आहे. या दोन्ही कामांचे वजन मात्र वर्षानुवर्षे केलेल्या पाठपुराव्याचे आहे. त्यांचा धडा जगाने उचलला. आपल्याकडे २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या शंभरांतल्या दोन बायकांचीही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधी झाली नव्हती. पुरावा आपल्याच गावांतून गेला होता. तपासणी तिथवर पोचवणे बाकी आहे.