वाय-फायची रेंज फुल्ल, तरी आवाज तुटतो. गर्दीत कॉल नेमका अडतो कुठं?

मुंबई उपनगर : अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत नोकरीला असलेल्या पोराला गावाकडून फोन लावला की अर्धा वेळ ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ करण्यातच जातो. दाट वस्तीत, आतल्या खोलीत मोबाईलची रेंज धड पोहोचत नाही. अशा घरांसाठी वाय-फाय कॉलिंग कामाचं आहे. एअरटेलनं डिसेंबर २०१९ मध्ये, तर जिओनं जानेवारी २०२० मध्ये ही सेवा आणली. नंबर तोच, पैसे वेगळे नाहीत. कॉल फक्त टॉवरऐवजी राउटरवरून जातो.

मग तरीही आवाज का तुटतो?

बोलताना आवाजाचे बारीक तुकडे होऊन जातात. साधारण २० मिलिसेकंदाला एक, म्हणजे सेकंदाला ५० जाणारे आणि ५० येणारे. तुकडा लहान असला, तरी प्रत्येकाला हवेत जागा मोकळी होण्याची वाट बघावी लागते, पत्ता जोडावा लागतो, पोहोच घ्यावी लागते. एकेका प्रवाशासाठी वेगळी एसटी सोडावी, तसा हा प्रकार. रस्ता माणसांनी नाही, गाड्यांनीच भरतो.

जुन्या ११ एमबीपीएसच्या वाय-फायवर कागदावर ८० हून जास्त कॉल बसायला हवेत. प्रत्यक्षात डझनभर कॉल झाले की ते अडखळायला लागतं. म्हणून नुसता महागडा प्लॅन घेतला की कॉल सुधारेलच, असं नाही.

त्यात शेजाऱ्यांचे राउटर. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच : १, ६ आणि ११. एका मजल्यावर दहा राउटर असतील, तर सगळे त्याच तीन रस्त्यांवर.

यावर उपाय निघालेत. २००५ मध्ये मंजूर झालेल्या नियमामुळं आवाजाच्या तुकड्याला रांगेत पुढं जागा मिळते. राउटरमध्ये ही सोय ‘डब्ल्यूएमएम’ नावानं असते. २०१९ पासून आलेला वाय-फाय ६ राउटर अनेकांचे तुकडे एकाच फेरीत नेऊ शकतो. मात्र फोनही त्याच पिढीचा लागतो.

घरी काय कराल?

- फोनच्या सेटिंगमध्ये ‘वाय-फाय कॉलिंग’ चालू करा.
- राउटर जवळ असेल तर ५ गिगाहर्ट्झचं नाव निवडा. त्यात चॅनल जास्त आहेत, पण भिंतीपलीकडं ते कमी पोहोचतं.
- ‘डब्ल्यूएमएम’ बंद असेल तर चालू करा.
- राउटर कपाटामागं नको. घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा.
- टीव्ही जवळच असेल तर तो वायरनं जोडा. तेवढीच हवेतली गर्दी कमी.

गावात ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या वाय-फायवर एकदम बरेच जण बसले की हेच होतं. महत्त्वाचा कॉल असेल तेव्हा घरातल्या बाकीच्यांनी व्हिडिओ आणि डाउनलोड थांबवले, तरी फरक लगेच ऐकू येतो.